लिंबू पहिले, लवंग दुजी

वाचकहो, आमच्या घराण्यात विद्या कधी फारशी नांदली नाही, आणि लक्ष्मी तर उंबरठ्यापर्यंत येऊन, बहुधा पत्ता चुकल्याचे ध्यानी आल्यामुळे, परत गेली. परंतु नाकाच्या बाबतीत आम्ही कोणाला हार गेलो नाही. माझे वडील बाहेरच्या खोलीत बसून स्वयंपाकघरातील भाजीत मीठ कमी पडले आहे, हे केवळ वासावरून सांगत. मिठाला वास नसतो, असे काही शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी माझ्या वडिलांना पाहिले नव्हते.

मी स्वतः लाकडी सामानाला पॉलिश करणारा कारागीर. माझा एक लहानसा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर, समोरासमोर दोन दारे आणि कायम नादुरुस्त असलेला एक पंखा. तेथे मी आणि माझी माणसे स्पिरिट, थिनर व लाख यांच्या सान्निध्यात आयुष्य कंठतो. एवढे उग्र वास पचवून जे नाक तग धरते, ते नाक नव्हे, ते पोलाद, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

या उन्हाळ्यात माझ्या बहिणीची मुलगी आमच्याकडे राहावयास आली. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला विज्ञान शिकते. आमच्या शहरातील एका मोठ्या संस्थेने सुट्टीपुरते संशोधन करण्यासाठी जे मोजके विद्यार्थी निवडले, त्यांत तिचा नंबर लागला होता. सुट्टीच्या अखेरीस प्रत्येकाने आपले संशोधन भरसभेत मांडावयाचे, आणि ज्याचे काम पटेल त्याला पुढील वर्षी पुन्हा बोलवावयाचे, अशी तेथील रीत. भाचीला पुन्हा यावयाचे होते. त्या ध्यासाने ती जेवतानाही आकडे पुटपुटत असे, आणि माझी पत्नी तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहत असे.

पहिल्याच दिवशी संस्थेतून आल्यावर ती म्हणाली, "मामा, माझ्या गाईड फार कडक आहेत."

"गाईड कडक असलं काय नि मऊ असलं काय," मी तिला धीर दिला, "पाठ केलं की झालं."

"अहो मामा, पुस्तक नाही. मॅडम आहेत त्या. त्या मला काम शिकवणार."

"म्हणजे संस्थाच गाईड देते?"

"हो."

"परीक्षेला?"

"परीक्षा नाही हो, संशोधन."

मी मान डोलावली. परंतु मनाशी एक खूणगाठ बांधली. जेथे संस्था आपण होऊन गाईड पुरवते, तेथील परीक्षा महाकठीण असली पाहिजे, आणि पोरीने घाबरू नये म्हणून परीक्षेलाच संशोधन म्हणत असले पाहिजेत.

चार दिवसांनी तिने मला गाठले. "मामा, तुमची कारखान्यातली माणसं मला लागतील. मी आठ बाटल्या एकेक करून हुंगायला देणार. कसला वास आला ते सांगायचं, मी लिहून घेणार. बस, एवढंच."

"हे कशासाठी?"

"ते आत्ता नाही सांगता येत. कारण कळलं की माणसं वेगळं वागतात."

"आमची माणसं नाही वागायची. बरं, आणखी कोणाला हुंगवणार आहेस?"

"समोरच्या टपाल कचेरीतल्या लोकांना. मग दोघांची तुलना करायची."

तुलना हा शब्द ऐकला मात्र, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाचकहो, ही टपाल कचेरी आमच्या बरोबर समोर आहे. तेथील लोक आमच्या दारावरून जाताना नाकाला रुमाल लावतात. एकदा तर पोस्टमास्तरांनी निरोप धाडला होता की, तुमच्या वासामुळे आमच्या तिकिटांचा डिंक वाळत नाही. अशा नाकमुरड्या मंडळींशी आमच्या नाकांची तुलना व्हावयाची, आणि तीही माझ्या सख्ख्या भाचीच्या हस्ते! आता हा केवळ तिच्या संशोधनाचा प्रश्न उरला नव्हता.

शनिवारी सकाळी भाची आणि तिची मामी स्वयंपाकघरातील टेबलावर बाटल्या भरावयास बसल्या. प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा, बोळ्यावर वासाची वस्तू, बाटलीवर नंबर. मीही तेथेच वर्तमानपत्र घेऊन बसलो.

"मामा, तुम्ही बाहेर बसता का जरा? तुमचीपण चाचणी घ्यायची आहे."

"मी कुठे बघतोय? मी पेपर वाचतोय."

"उलटा," माझी पत्नी म्हणाली.

मी पेपर सुलटा केला आणि उठलो. परंतु तोपर्यंत आठवी बाटली भरून झाली होती. एक नंबरात लिंबू, दोनमध्ये लवंग, पुढे कॉफी, साबण, गुलाब, पुदिना, कांदा आणि शेवटी रॉकेल. माझी शाळा लवकर सुटली असली, तरी पाठांतर सुटलेले नाही. दुपारपर्यंत मी पुढील चार ओळी रचल्या:

लिंबू पहिले, लवंग दुजी,
कॉफी तिसरी, साबण चौथा;
गुलाब, पुदिना, कांदा मागून,
आणि रॉकेलाने संपे गाथा.

रचना निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. पण पोटासाठी पॉलिश करणाऱ्या माणसाकडून याहून अधिक यमकाची अपेक्षा कोणी ठेवू नये.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी सर्वांना गोल बसविले आणि ओळी म्हणवून घेतल्या. आमच्यात एक रेडिओ म्हणून आहे. तो पॉलिशचा हात थांबवील, पण तोंड थांबवणार नाही. त्याला एका दमात पाठ झाले. तरी त्याने शंका काढलीच.

"मालक, ही कॉपी नाही ना होत?"

"कॉपी कसली? तिला स्वतःला संस्थेनं गाईड दिलंय. तिला चालतं, तर आपल्याला चार ओळी नाही चालणार?"

"मग ठीक आहे. मला वाटलं, उगाच पाप."

दुसरा आमचा कुलूप. हा उत्तम कारागीर. पण महिन्याकाठी जेवढे बोलतो, तेवढे रेडिओ शिंकताना बोलतो. त्याला या चार ओळी जड गेल्या. तो भिंतीकडे तोंड करून ओठ हलवीत राही आणि मध्येच येऊन मला विचारी, "साबण चौथा की पाचवा?" त्याचे हे त्या वर्षातील सर्वांत लांब वाक्य होते.

मी सर्वांना एकच बजावले: आधी हुंगायचे, मग थोडे थांबायचे, मग सांगायचे. विद्यार्थ्याने उत्तर येत असतानाही जरा विचारात पडलेले दिसावे. त्याने परीक्षकाला समाधान वाटते.

चाचणी आमच्याच कारखान्यात, मागच्या बाजूला पडदा लावून झाली. एकेकजण आत जाई आणि छाती पुढे काढून बाहेर येई. रेडिओने जरा अधिकच केले. पडद्याआडून मला ऐकू येत होते. "हं... थांबा हं... हा वास मी कुठेतरी... माझ्या मावशीच्या केसांत असायचा... गुलाब." कुलुपाचे आत काय झाले ते कळले नाही; पण बाहेर आल्यावर त्याने मला आठ बोटे दाखवली. मीही आठपैकी आठ उत्तरे अशी खणखणीत दिली की भाची नुसती पाहतच राहिली.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "मामा, तुमच्याकडच्या सगळ्यांचं सगळं बरोबर आलं."

"आणि पोस्टातल्यांचं?"

"बऱ्यापैकी. पण सगळं बरोबर असं एकाचंही नाही."

मी दोनदा भात वाढून घेतला. भाची मात्र ताटात नुसती बोटे फिरवीत होती. अत्यानंदाने भूक मरते, असे मी कोठेसे वाचले होते; त्यामुळे मी तिकडे लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेतून आली ती थेट मामीच्या खोलीत गेली आणि दार लोटले. मी कामानिमित्त दाराशी उभा राहिलो.

"मॅडमना वाटतंय, हे आकडे मी घरी बसून लिहिलेत," ती रडत सांगत होती. "म्हणाल्या, असे आकडे येतच नाहीत. तुझी माणसं आहेत की शिकारी कुत्री? उद्या त्या स्वतः कारखान्यात येऊन तपासणार आहेत. खोटं निघालं, तर माझं नाव काढून टाकणार."

"पण तू खोटं केलंस का काही?" पत्नीने विचारले.

"नाही गं मामी."

"मग रडतेस कशाला? येऊ देत की."

येथे मी आत जाऊन सर्व सांगावयास हवे होते, असे कोणी सुज्ञ म्हणेल. मलाही क्षणभर तसेच वाटले. परंतु मी दुसऱ्या बाजूनेही विचार केला. मॅडमना शंका आहे ती आमच्या नाकांची. उद्या त्यांच्यासमोर सर्वांनी पुन्हा आठपैकी आठ सांगितले, की शंका आपोआप फिटेल आणि पोरगी निर्दोष ठरेल. तात्पर्य, गरज होती ती आणखी तालमीची. मी तसाच चपला घालून कारखान्यात गेलो आणि निघालेल्या माणसांना परत बसविले.

मॅडम सकाळीच आल्या. चणीने लहान, खांद्याला भलीमोठी पिशवी, आणि नजर अशी की टेबलाला पडलेला केसाएवढा ओरखडाही सुटू नये. भाची त्यांच्यामागे उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग पाहून मला आमचे घासून ठेवलेले, पॉलिश न केलेले फळकूट आठवले.

"आज पडदा नको," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांसमोरच करू."

त्यांनी पिशवीतून बाटल्या काढून मांडल्या. त्याच बाटल्या, तेच नंबर. मी निर्धास्त झालो. बाटलीवरचे नंबर तेच ठेवून आतील वास बदलता येतात, ही गोष्ट माझ्या मनाला शिवलीही नाही. आम्ही साधी माणसे. डब्यावर थिनर लिहिले असेल, तर आत थिनरच असतो.

प्रथम रेडिओ. त्याने एक नंबरची बाटली नाकाशी नेली आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून धीर दिला.

"लिंबू," तो म्हणाला.

"डोळ्यांत पाणी का आलं?"

"लिंबू जातिवंत आहे, मॅडम."

दोन नंबरची बाटली हुंगून त्याला तीन शिंका आल्या. ती बाटली त्याने हात लांब करून परत दिली आणि डोळे पुशीत म्हणाला, "लवंग." मॅडमनी लिहून घेतले. भाचीने मात्र ती बाटली उचलून स्वतः हुंगली आणि हळूच खाली ठेवली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला हसून खूण केली, की सर्व ठीक चालले आहे.

"तुम्ही या," मॅडमनी कुलुपाला बोलावले.

कुलूप पुढे झाला. त्याच्या कपाळावर घाम होता. रात्रभर त्याने त्या ओळी तोंडात धरून ठेवल्या होत्या, आणि एक शब्द जरी घरंगळला तरी बाकीचे त्यामागून जातील, ही त्याला धास्ती होती. मॅडमनी बाटली हातात घेतली, आणि त्या काही विचारण्याच्या आतच कुलूप उघडले.

"लिंबू पहिले लवंग दुजी कॉफी तिसरी साबण चौथा गुलाब पुदिना कांदा मागून आणि रॉकेलाने संपे गाथा," तो एका श्वासात म्हणाला, आणि डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखा भिंतीला टेकला.

"मी अजून झाकण उघडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

कोणी काही बोलले नाही. रेडिओसुद्धा.

"आणि 'संपे गाथा' हा कितव्या बाटलीतला वास?"

कुलुपाजवळचे शब्द संपले होते. त्याने बोट उचलले आणि माझ्याकडे दाखविले.

"मामा?" भाची म्हणाली. एवढेच म्हणाली. मला आजवर पुष्कळ गिऱ्हाइकांनी पुष्कळ काही सुनावले आहे. पण त्यांतले काहीही या दोन अक्षरांच्या पासंगाला पुरणार नाही.

मी पुढे झालो. "मॅडम, पोरीनं घरी बसून काही लिहिलेलं नाही. आम्ही जे सांगितलं तेच तिनं लिहिलं. आणि आम्ही जे सांगितलं, ते मी पढवलेलं होतं. तिला यातलं काही माहीत नाही. काढायचं तर आमचं नाव काढा."

"पण का केलंत असं?"

"घराण्याच्या नाकाचा प्रश्न होता."

मॅडम मटकन शेजारच्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलाला रेडिओने नुकताच पॉलिशचा शेवटचा हात दिला होता. आम्हा सर्वांना ते दिसले. परंतु त्या दिवशी जो जो बोलला तो तो अडकला होता, म्हणून सर्वांनी मौन पाळले.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आता सांगते," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं थिनर-स्पिरिटमध्ये काम केलं, तर माणसाची वास घ्यायची शक्ती कमी होते का, हे ही मुलगी शोधत होती. कमी झाली असेल, तर ते आकड्यांत दाखवता येतं. मग इथे चांगले पंखे हवेत, तोंडावर मास्क हवेत, असं कुणाला तरी ठणकावून सांगता येतं. तुम्ही सगळे पास झालात. म्हणजे तुम्हाला इथे काही त्रासच नाही. उलट थिनरनं नाक सुधारतं."

रेडिओने हळूच विचारले, "म्हणजे नापास झालो असतो, तर पंखा मिळाला असता?"

"ते मी नाही सांगू शकत. पण पास होऊन नक्कीच नसता मिळाला."

साऱ्या कारखान्याने माझ्याकडे पाहिले. मी वर, बंद पंख्याकडे पाहिले.

मॅडम जावयास उठल्या, तेव्हा स्टूलही त्यांच्याबरोबर उठले. ते सोडविण्यात थोडा वेळ गेला. त्या वेळात मी बऱ्याच विनवण्या केल्या. अखेर त्या भाचीला म्हणाल्या, "जुने आकडे सगळे फेकून दे. सभेला थोडेच दिवस आहेत. पुन्हा घे, पण संस्थेत, एकेकाला बोलावून, बाटल्या दर वेळी बदलून. आणि तुझे मामा सगळ्यांत शेवटी. त्यांच्यामागून कुणी जायचं नाही."

माणसांना संस्थेत नेण्याआधी भाचीने सर्वांना समजावले. रेडिओने यावेळी मुद्दाम नापास होण्याची तयारी चालविली होती.

"मुद्दाम चुकायचंही नाही," ती म्हणाली.

"मग करायचं काय?"

"जो वास येईल तो सांगायचा. नाही आला, तर नाही म्हणायचं."

"एवढंच होय? मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं," भाची म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, हे तिचे उपकार.

सर्वांचे झाल्यावर माझी पाळी आली. मी ऐटीत बसलो. यावेळी कविता नव्हती, तरी मला भीती नव्हती. कारण कविता माझ्या माणसांसाठी होती, नाक तर माझे स्वतःचे होते. भाचीने पहिली बाटली दिली. मी दीर्घ श्वास घेतला. दुसरी दिली. तिसरी, चौथी. पाचव्या बाटलीला मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बाळ, दमली आहेस तू. बाटल्या भरायलाच विसरलीस."

तिने ते लिहिले आणि सहावी दिली. मग सातवी, मग आठवी. सगळ्या रिकाम्या. एवढ्यात माझी पत्नी आमचा जेवणाचा डबा घेऊन दारात आली आणि तिने नाकाला पदर लावला.

"इथे रॉकेल सांडलंय का हो?"

भाचीने माझ्या हातातील बाटलीचे झाकण लावले. "मामा," ती हळूच म्हणाली, "कधीपासून?"

वाचकहो, मला वास येतो असेच मी आजवर समजत आलो होतो. चहाचा कप दिसला की चहाचा वास, फुले दिसली की फुलांचा. डोळे सांगत आणि नाक मान डोलवी. शनिवारी टेबलाशी बसून मी बाटल्या पाहिल्या होत्या, म्हणून मला आठही वास आले होते.

पत्नी डबा तसाच धरून उभी होती. "म्हणजे रोज घरात पाय ठेवल्या ठेवल्या 'वा, काय घमघमाट सुटलाय' म्हणता, ते?"

मी खाली पाहिले.

"परवा मी नुसतं पाणी तापत ठेवलं होतं," ती म्हणाली.

संसारातील काही सत्ये विज्ञानाने उकलू नयेत, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

सभेला संस्थेने सर्वांना बोलाविले होते. टपाल कचेरीतील मंडळी एका बाजूला, आम्ही एका बाजूला. भाचीने पडद्यावर आलेख दाखविला. वर ठिपक्यांचा एक दाट पुंजका, तो टपाल कचेरीचा. त्याखाली विस्कटलेला दुसरा, तो आमच्या कारखान्याचा. जो जितकी जास्त वर्षे थिनरमध्ये, त्याचा ठिपका तितका खाली. ती न अडखळता बोलत होती. आणि अगदी तळाशी, रेघेला चिकटून, एक ठिपका एकटाच बसला होता.

पहिल्या रांगेतील एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ उठले. "तो खालचा ठिपका काहीतरी चूक दिसते. असा एखादा आला, तर तो काढून टाकतात."

मॅडम भाचीकडे पाहू लागल्या.

"नाही सर, तो मी काढणार नाही," भाची म्हणाली. "ती चूक नाही. ते माझे मामा आहेत. तिसऱ्या रांगेत बसलेत."

सगळे सभागृह वळून माझ्याकडे पाहू लागले. वृद्ध शास्त्रज्ञांनीही चष्मा सारखा करून मला न्याहाळले. मग ते भाचीला म्हणाले, "असं असेल, तर तिथे चांगले पंखे बसवू आणि पुढच्या उन्हाळ्यात बघू, यांचं नाक थोडंतरी परत येतं का. पण हे काम करायला तूच यायला हवंस. येशील ना?"

भाचीने होकारार्थी मान हलविली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमसुद्धा टाळ्या वाजवीत होत्या, आणि टपाल कचेरीतील मंडळीही. अशा प्रसंगी सत्काराचा स्वीकार उभे राहून करावा, असा शिष्टाचार आहे. मी उठलो, कोट सारखा केला आणि चारी दिशांना मान लववली.

पत्नीने माझा कोट मागून ओढला.

"बसा खाली," ती म्हणाली. "शून्य मिळालंय तुम्हाला."